यवन आणि युनान

सुकरात, अफलातून, अरस्तू, बुकरात, सिकंदर ही नावे तुम्हांला नवीन नाहीत. घरात कोणी फार शहाणपणा दाखवू लागला की मोठी माणसे हसून म्हणतात, "मोठा अफलातून आला!" हीच माणसे मराठी पुस्तकात तुम्हांला सॉक्रेटिस, प्लेटो, ॲरिस्टॉटल, हिपोक्रॅटिस आणि अलेक्झांडर या नावांनी भेटतात. माणसे तीच आहेत. उर्दूने ही नावे अरबी-फारसीकडून घेतली आणि मराठीने इंग्रजीकडून, म्हणून ती वेगळी दिसतात.

ही माणसे ज्या लोकांतली, त्यांच्या देशाला आपण मराठीत ग्रीस म्हणतो आणि उर्दूत युनान म्हणतो. 'युनान' हा शब्द कोठून आला, ठाऊक आहे? आजच्या तुर्कस्तानच्या पश्चिम किनाऱ्यावर पूर्वी आयोनिया नावाचा प्रदेश होता. तेथे ग्रीक लोकांची शहरे होती. इराणी लोकांचा ग्रीकांशी संबंध आला तो प्रथम या आयोनियात. म्हणून ते सगळ्याच ग्रीकांना 'यौन' म्हणू लागले. हा शब्द अरबी-फारसीत 'युनान' झाला, प्राकृतात 'योन' किंवा 'योनक' झाला आणि संस्कृतात 'यवन' झाला. म्हणजे मराठी शब्दकोशातला 'यवन' आणि तुमच्या उर्दू पुस्तकातला 'युनान' हे एकाच घरातले दोन भाऊ आहेत. या यवनांच्या खुणा पाहायला आपल्या नवी मुंबईपासून फार लांब जावे लागत नाही. पण त्याआधी त्यांच्या मूळ देशाची थोडी ओळख करून घेऊ.

ग्रीस हा डोंगरांचा आणि बेटांचा देश. सपाट सुपीक जमीन थोडी. द्राक्षे आणि जैतून मात्र भरपूर. एका खोऱ्यातून दुसऱ्या खोऱ्यात जायला डोंगर आडवे येत, पण समुद्र जवळ असे. म्हणून ग्रीक माणूस जितका शेतकरी, तितकाच खलाशी आणि व्यापारी झाला. डोंगरांमुळे सगळ्या देशाचे एक राज्य झाले नाही. एक शहर, त्याच्या भोवतालची शेते आणि खेडी, मिळून एक राज्य. अशा राज्याला 'नगरराज्य' म्हणतात. अशी शेकडो नगरराज्ये होती. ती आपसांत भांडत; पण त्यांची भाषा एक, देव एक. दर चार वर्षांनी ऑलिंपिया येथे खेळांचे सामने भरत, तेव्हा तेथे जाणाऱ्या-येणाऱ्यांना वाटेत कोणी त्रास द्यायचा नाही, असा करार असे. या सामन्यांची सुरुवात इ. स. पू. ७७६ मध्ये झाली असे मानतात.

प्रत्येक नगराचा कारभार वेगळा होता. स्पार्टात एकाच वेळी दोन राजे असत. तेथे मुलगा सात वर्षांचा झाला की त्याला घरातून नेऊन लष्करी शिक्षण देत. स्पार्टाचे सैनिक शूर होते, यात शंका नाही. पण त्यांची शेती हेलॉट नावाचे गुलामासारखे लोक करत, आणि या लोकांनी उठाव करू नये म्हणून सारे शहर कायम शस्त्र घेऊन जागे राही. आम्हांला तरी अशा शहरात राहायला आवडले नसते.

अथेन्सची गोष्ट निराळी. इ. स. पू. ५०८ च्या सुमारास क्लिस्थेनिस नावाच्या पुढाऱ्याने तेथे मोठा बदल केला. शहराचा कारभार सर्व नागरिकांच्या सभेकडे गेला. ही सभा निक्स नावाच्या टेकडीवर भरे. युद्ध करावे की तह करावा, जहाजे किती बांधावीत, पैसा कोठे खर्च करावा, हे सगळे तेथे ठरे. कोणीही नागरिक उठून बोलू शके. मग हात वर करून मत द्यायचे.

आपल्याकडेही लोकशाही आहे. नवी मुंबई महानगरपालिका १९९२ पासून काम करते. पण आपण नगरसेवक निवडून देतो आणि निर्णय ते घेतात. अथेन्समध्ये निर्णय घ्यायला नागरिक स्वतः जात. कल्पना करा, पाणीपट्टी ठरवायची आहे आणि त्यासाठी वाशी, तुर्भे, नेरूळ, ऐरोली, बेलापूर येथील सगळे मतदार एका टेकडीवर जमले आहेत! आज ते जमणार नाही. अथेन्समध्ये काही महत्त्वाच्या ठरावांना सहा हजार माणसे हजर असावी लागत, आणि तेवढी जमतही.

सभेपुढे कोणते विषय आणायचे हे ५०० जणांचे मंडळ ठरवी. हे ५०० लोक मतदानाने निवडत नसत. चिठ्ठ्या टाकून काढत. याचे आज आश्चर्य वाटते. पण अथेन्सच्या लोकांचे म्हणणे असे, की मतदान घेतले तर श्रीमंत किंवा नावाजलेला माणूसच पुढे येतो. चिठ्ठीला मात्र चांभार आणि जमीनदार सारखेच. सेनापती मात्र ते मत देऊनच निवडत. युद्धाचा जुगार चिठ्ठीवर सोडायला तेही तयार नव्हते. पेरिक्लिस हा त्यांचा प्रसिद्ध पुढारी असा दरवर्षी निवडून येणारा सेनापती होता.

न्यायालयात न्याय देणारे लोकही साधे नागरिकच असत. प्रत्येक पक्षाला बोलायला ठरावीक वेळ मिळे. घड्याळे नव्हती, म्हणून भोक असलेल्या मडक्यातून पाणी सोडत. पाणी संपले की बोलणे संपले. आणखी एक गमतीची रीत होती. एखादा पुढारी फार बलवान होत आहे अशी भीती वाटली, तर लोक खापराच्या तुकड्यावर त्याचे नाव खरडून मत देत. पुरेशी मते पडली की ज्याचे नाव सर्वांत जास्त खापरांवर निघे, त्याला दहा वर्षे शहराबाहेर राहावे लागे. अशी हजारो खापरे उत्खननात सापडली आहेत.

हे सारे वाचून अथेन्स म्हणजे न्यायाचे घर असे वाटेल. पण 'नागरिक' कोणाला म्हणत, हे विचारले पाहिजे. स्त्रियांना मत नव्हते. गुलामांना नव्हते, आणि गुलाम तर घरोघर व खाणींत हजारोंनी होते. बाहेरगावाहून येऊन राहिलेल्या लोकांनाही मत नव्हते. अशा लोकांना 'मेटिक' म्हणत. मेटिक अथेन्समध्ये व्यापार करत, भांडी घडवत, सैन्यात लढत, वेगळा करही भरत. पण त्यांना तेथे जमीन किंवा घर विकत घेता येत नसे. इ. स. पू. ४५१ मध्ये पेरिक्लिसच्या सूचनेवरून कायदा झाला, की ज्याचे आई आणि वडील दोघेही अथेन्सचे, तोच नागरिक. मेटिकाचा मुलगा अथेन्समध्ये जन्मला, तेथेच वाढला, तरी तो बाहेरचाच राहिला.

या बाहेरच्यांपैकी एकाचे नाव तुम्हांला ठाऊक आहे. ते म्हणजे अरस्तू. त्याचा जन्म इ. स. पू. ३८४ मध्ये उत्तरेकडच्या स्टागिरा या गावी झाला. सतरा वर्षांचा असताना तो अथेन्सला आला आणि अफलातूनच्या शाळेत वीस वर्षे राहिला. पुढे त्याने अथेन्समध्ये आपली स्वतःची शाळा काढली. राज्ये किती प्रकारची असतात, ती का बिघडतात, नागरिक कोणाला म्हणावे, यावर त्याने ग्रंथ लिहिला. दोन हजार वर्षे जग तो वाचत आले आहे. पण ज्या शहरात त्याने हे शिकवले, त्या शहराच्या सभेत हात वर करण्याचा हक्क त्याला कधी मिळाला नाही. अलेक्झांडर वारल्यावर अथेन्समध्ये वातावरण तापले, तेव्हा तो शहर सोडून निघून गेला आणि पुढच्याच वर्षी, इ. स. पू. ३२२ मध्ये, वारला. सुकरात तर अथेन्सचाच नागरिक होता, त्याला इ. स. पू. ३९९ मध्ये याच लोकशाहीच्या न्यायालयाने विषाचा प्याला दिला. तेव्हा ग्रीकांची लोकशाही अभ्यासावी, पण डोळे उघडे ठेवून.

ग्रीकांचे नाटक, त्यांचे शिल्प, त्यांची भूमिती यांविषयी तुम्ही इतिहासात वाचालच. त्यांची विद्या आपल्यापर्यंत कशी आली, एवढे मात्र येथे सांगितले पाहिजे. इसवी सनाच्या आठव्या-नवव्या शतकांत बगदादमध्ये ग्रीक ग्रंथांची अरबीत भाषांतरे झाली. हुनैन इब्न इसहाक यांनी जालिनूस म्हणजे गॅलन या वैद्याचे ग्रंथ अरबीत आणले. त्यातूनच पुढे हिंदुस्थानात युनानी वैद्यक आले. हकीमसाहेब 'बलगम' म्हणतात, तो शब्द मूळ ग्रीक आहे. तुमचे 'कलम', 'कानून', 'फलसफा', 'जुगराफिया' हेही मूळचे ग्रीकच. मराठीतही असे पाहुणे आहेत. बाजारात आपण 'दाम' मोजतो. तो द्राख्मा या ग्रीक नाण्याच्या नावावरून आला. भूमितीत वर्तुळाचे 'केंद्र' काढतो, तेही ग्रीक. दगडाच्या खाणीत 'सुरुंग' लावतात. भुयाराला ग्रीक लोक जो शब्द वापरत, त्यापासून तो आला असे भाषेचे जाणकार मानतात.

शब्द आले तशी माणसेही आली. अलेक्झांडर इ. स. पू. ३२६ मध्ये पंजाबात आला आणि बियास नदीवरून परत फिरला. महाराष्ट्रात तो कधी आला नाही. त्याच्यानंतर अफगाणिस्तान व पंजाब या भागांत ग्रीक राजे झाले. त्यांच्यापैकी मिनँडर हा बौद्ध ग्रंथांत 'मिलिंद' या नावाने प्रसिद्ध आहे. मराठी घरांत आजही मुलाचे नाव मिलिंद ठेवतात, ते या ग्रीक राजाचे!

दुसरी वाट समुद्राची होती. पावसाळी वाऱ्यांच्या मदतीने तांबड्या समुद्रातून थेट हिंदुस्थानच्या किनाऱ्याला जहाज आणता येते, हे ग्रीक खलाशांना कळले होते. इसवी सनाच्या पहिल्या शतकात इजिप्तमधल्या एका ग्रीक भाषिक व्यापाऱ्याने या प्रवासाची माहिती लिहून ठेवली. त्याचे पुस्तक 'पेरिप्लस' या नावाने ओळखले जाते. त्यात भडोच आहे, पैठण आहे, तेर आहे. सोपारा, कल्याण आणि चौल हीही बंदरे आहेत. कल्याणबद्दल तो एक तक्रार करतो. पूर्वी हे बंदर खुले होते. पण आता तेथे ग्रीक जहाज चुकून आलेच, तर ते पहाऱ्यात भडोचला पाठवून देतात, असे तो म्हणतो. किनाऱ्यावर राज्य कोणाचे, यावरून त्या वेळी मोठी ओढाताण चालू होती, हे यावरून कळते.

नवी मुंबईच्या समोरच्या खाडीतून आज कंटेनर भरलेली मोठी जहाजे १९८९ साली सुरू झालेल्या जवाहरलाल नेहरू बंदराकडे जातात. त्यांच्या वाटेजवळच घारापुरीचे बेट आहे. त्या बेटावर दोन कानांच्या, खाली निमुळत्या मातीच्या रांजणांचे तुकडे सापडले आहेत. भूमध्य समुद्राकडून द्राक्षांची दारू आणि जैतूनचे तेल अशा रांजणांतून येत असे. कोल्हापूरला ब्रह्मपुरी टेकडीवर तर पोसायडन या ग्रीक समुद्रदेवाची काशाची छोटी मूर्ती सापडली. ती तेथील टाऊन हॉलच्या संग्रहालयात आहे. समुद्राचा देव घाट चढून कोल्हापूरला पोहोचला तो व्यापाऱ्यांच्या सामानातूनच.

आता कार्ल्याला जाऊ. नवी मुंबईच्या गावांतील आगरी-कोळी लोक चैत्रात एकवीरा देवीच्या जत्रेला तेथे जातात. पनवेल, खोपोली, बोरघाट, लोणावळा आणि पुढे कार्ले. एकवीरेच्या देवळाच्या शेजारीच डोंगरात कोरलेले बौद्ध चैत्यगृह आहे. भारतात कोरलेल्या चैत्यगृहांत ते सर्वांत मोठे. आत गेले की दोन्ही बाजूंना खांबांच्या रांगा दिसतात. हे चैत्यगृह एका राजाने बांधले नाही; अनेकांनी आपापल्या ऐपतीप्रमाणे वाटा उचलला. कोणी खांब दिला, कोणी दार दिले. दान देणाऱ्यांत व्यापारी आहेत, भिक्षू आहेत, सुतार आहे, अत्तरवाला आहे. कोणी काय दिले ते ब्राह्मी लिपीत कोरून ठेवले आहे. आणि काही खांबांवर दान देणाऱ्याच्या नावाशेजारी शब्द आहे, 'यवन'.

धेनुकाकट नावाच्या गावच्या सिहधय नावाच्या यवनाने एक खांब दिला आहे. त्याच गावच्या यसवधन नावाच्या यवनाने दुसरा. नावे पाहा. यसवधन म्हणजे यशोवर्धन. हे नाव अगदी इकडचे आहे. भाषा प्राकृत, म्हणजे मराठीची पूर्वज. लिपी ब्राह्मी. धर्म बौद्ध. तरी आपण यवन आहोत हे त्यांनी लपवले नाही, आणि ते कोरायला कोणी हरकतही घेतली नाही. जुन्नरच्या लेण्यांतही असे तीन लेख आहेत. इरिल नावाच्या यवनाने तेथे पाण्याची दोन टाकी दिली आणि चिट नावाच्या यवनाने भिक्षूंसाठी भोजनमंडप दिला. जुन्नरच्या डोंगरात उन्हाळ्यात चढून गेलेल्या माणसाला पाण्याच्या टाक्याची किंमत सांगावी लागत नाही.

पण सगळेच गोडीगुलाबीचे होते असे समजू नका. १९०६ साली नाशिकजवळ जोगळटेंभी येथे चांदीच्या तेरा हजारांहून अधिक नाण्यांचा साठा सापडला. ती नहपान या शक राजाची नाणी. त्यांवर त्याचे नाव ग्रीक अक्षरांतही आहे. सातवाहन राजा गौतमीपुत्र सातकर्णी याने नहपानाचा पराभव केला आणि यांतील बहुतेक नाण्यांवर आपला छाप पुन्हा मारला. नाशिकच्या पांडवलेण्यांत तिसऱ्या क्रमांकाच्या लेण्यात त्याची आई गौतमी बलश्री हिचा मोठा लेख आहे. त्यात तिने आपल्या मुलाला शक, यवन आणि पल्हव यांचा नाश करणारा म्हटले आहे.

पुढे ग्रीक येणे थांबले. शब्द मात्र राहिला. पश्चिमेकडून जो कोणी येई, त्याला लोक 'यवन' म्हणू लागले. अरबांना म्हटले, तुर्कांना म्हटले. मराठी बखरींत आणि जुन्या काव्यांत तो शब्द मुसलमानांसाठी आला आहे, आणि कधी कधी रागानेही आला आहे. इंग्रजांसाठी त्याच बखरींत 'टोपीकर' हा निराळा शब्द आहे. वरच्या वर्गात गेल्यावर हा 'यवन' तुमच्या वाचनात येईल. तेव्हा तो कोणी, कोणत्या काळी, कोणाबद्दल लिहिला आहे हे आधी पाहा. शब्दाचे वय दोन हजार वर्षांहून अधिक आहे. या काळात त्याने बरीच घरे बदलली आहेत.

नाशिकच्या त्याच डोंगरात, बलश्रीच्या लेखापासून काही पावलांवर, सतरा क्रमांकाचे लेणे आहे. ते इंद्राग्निदत्ताने कोरवले. तो उत्तरेकडच्या दत्तामित्री गावचा. त्याच्या वडिलांचे नाव धर्मदेव. मुलाचे नाव धर्मरक्षित. स्वतःला तो 'योनक' म्हणवतो. इंद्र आणि अग्नी या वेदांतल्या देवांच्या नावाचा हा युनानी माणूस बौद्ध भिक्षूंना राहायला जागा देतो आणि आपल्या आईवडिलांना पुण्य लाभावे म्हणून हे दान दिले, असे लेखात लिहितो. सोबत मुलाचे नावही घालतो. पाण्याची टाकीही त्याने खोदवली. लेण्याच्या आतले काम अर्धवट राहिलेले दिसते. लेख मात्र आजही भिंतीवर वाचता येतो.

शब्दार्थ : खापर – मडक्याचा फुटका तुकडा, रांजण – पाणी किंवा तेल साठवायचे मोठे मातीचे भांडे, चैत्यगृह – बौद्धांचे प्रार्थनेचे सभागृह, टाके – खडकात खोदलेला पाण्याचा हौद, बखर – जुन्या काळचा मराठी इतिहासग्रंथ, ऐपत – खर्च करण्याची ताकद.

स्वाध्याय

१. 'यवन' आणि 'युनान' हे शब्द एकाच मूळ शब्दापासून कसे झाले?

२. अथेन्सच्या ५०० जणांच्या मंडळातील लोक चिठ्ठ्या टाकून का काढत? ही पद्धत तुम्हांला पटते का? कारण लिहा.

३. अथेन्समधला अरस्तू आणि कार्ल्याला खांब देणारा सिहधय, दोघेही बाहेरून आलेले. त्यांच्या स्थितीत काय फरक दिसतो, ते सात-आठ ओळींत लिहा.

४. उर्दू आणि मराठी या दोन्ही भाषांत चालणारे दहा शब्द घरी विचारून लिहून आणा. ते कोणत्या भाषेतून आले, हे शिक्षकांच्या मदतीने शोधा.